काम करूनही तापणारी गाडी

रेडिएटर नवा, वॉटर बॉडी नवी, पट्टा नवा, कूलंटसुद्धा नवं, आणि तरी खंबाटकीच्या चढाला काटा लाल पट्टीला टेकतो. पोरा, महामार्गाला लागून गॅरेज टाकलंस म्हणजे अशी गाडी तुझ्या दारात येणारच. मालकाने आधीच दुसरीकडे पैसे घातलेले असतात, ड्रायव्हरची झोप झालेली नसते, माल वेळेत पोचवायचा असतो. सगळ्यांचा तुझ्याकडे एकच लकडा असतो, की अजून काहीतरी बदल आणि गाडी सोड. पहिल्या तासात तरी काही बदलायचं नाही. ज्या उस्तादांनी मला हे काम शिकवलं ते पाना हातात घ्यायच्या आधी ड्रायव्हरला चहा पाजायचे आणि त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचे. त्यांच्याकडून जे आलं आणि पुढे मी स्वतः पारखून घेतलं, ते आता तुझ्याकडे देतो.

पहिला प्रश्न हा विचार: काम करायच्या आधी गाडीला नेमकं काय होत होतं? नुसती गळत होती, की तापत होती?

आधी फक्त गळत होती, कधी तापली नव्हती, आणि काम झाल्यावर तापायला लागली, तर दोष त्या कामातूनच आलाय. मग नवा पार्ट आहे म्हणून त्याला सोडायचं नाही. मागच्या मेस्त्रीचा हात जिथे जिथे लागला, तिथे तिथे तुझा हात गेला पाहिजे. आधीही तापत होती आणि एवढं सगळं बदलून तेवढीच तापते, तर खऱ्या कारणाला अजून कुणी हातच लावलेला नाही. तिसरा प्रकार जास्त फसवा. गाडी गळती लागून एकदा खूप तापली, उकळली, रस्त्यात उभी राहिली. मेस्त्रीने गळती बरोबर काढली. पण त्या एका तापण्यात हेड वाकलं किंवा पॅकिंग गेलं, आणि आता गाडी त्या नव्या कारणाने तापते. इथे मेस्त्रीचं काम चोख असतं, तरी गाडी तापते. म्हणून ‘किती वेळा उकळली, उकळल्यावर किती लांब तशीच चालवली’ हे ड्रायव्हरला खोदून विचार. तो मालकासमोर खरं सांगणार नाही. त्याला बाजूला घेऊन विचार.

दुसरा प्रश्न: कधी तापते? उभी असताना, टोलच्या रांगेत तापते आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय. पंखा बघ. उभी असताना दिवसभर ठीक, सपाटीवर रिकामी ठीक, आणि भरल्यावर चढाला तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटर कमी पडतोय, किंवा जळालेला गॅस पाण्यात येतोय. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा एकदम उडतो, पुन्हा खाली पडतो, पुन्हा उडतो, तर पाण्यात हवा अडकलीय. चढ संपून उतार लागला की लगेच निवते, की उतारालाही काटा वरच राहतो, हेही विचारून घे.

आता काटा. काटा वर गेला म्हणजे इंजिन तापलंच असं धरू नकोस. रेडिएटर काढताना, हेड उचलताना सेन्सरची वायर ओढली जाते, सोलली जाते, बॉडीला टेकते. पुष्कळशा जुन्या गाड्यांत ती वायर बॉडीला लागली की काटा थेट टोकाला जातो. हेडलाइट लावले की काटा हलतो का बघ, हलला तर अर्थिंग शोध. डिझेलचा काटा आणि तापाचा काटा दोन्ही बरोबरीने चढत असतील तर दोष मीटरच्या मागे आहे, इंजिनात नाही. याची उलट बाजू जास्त धोक्याची. सेन्सर बसवताना आट्यांवर टेप गुंडाळली की त्याचं अर्थिंग कमजोर होतं आणि काटा खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. अशी गाडी काटा निम्म्यावर असतानाच वाफ सोडते. आजकाल लांबून ताप मोजणारी गन स्वस्तात मिळते, ती घे. मोजताना एक सांभाळ: चकचकीत पितळेवर, ॲल्युमिनियमवर ती खोटं सांगते. तिथे काळी चिकटपट्टी लाव आणि पट्टीवर मोज.

ताप खरा निघाला, की माझा पहिला संशय हवेवर असतो. सगळं पाणी काढून पुन्हा भरलेल्या गाडीत याच्याइतकं नेहमीचं कारण दुसरं नाही. घाईत बादलीने पाणी ओतलं, रेडिएटर तोंडापर्यंत दिसला, झाकण लावलं, गाडी सोडली. पण हेडच्या वरच्या कप्प्यात, थर्मोस्टॅट वॉलच्या खाली हवा तशीच राहिलेली असते. पाण्याने उष्णता उचलावी तशी हवा उचलत नाही. त्या जागी लोखंड तापतं, आजूबाजूच्या पाण्याची वाफ होते, आणि वॉटर बॉडीत हवा गेली की तिला पाणी ढकलताच येत नाही. म्हणून भरण सावकाश करायचं. वर हवा काढायचा स्क्रू किंवा नळी असेल तर ती उघडी ठेवायची आणि तिथून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करायची. थोडं ओतायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, वरचा पाइप हाताने दाबत राहायचं, पुन्हा ओतायचं. केबिनमध्ये हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवायचा. मग झाकण न लावता इंजिन सुरू करून वॉल उघडेपर्यंत चालू द्यायचं, पातळी खाली बसली की भरायची. किती लिटर पाणी निघालं आणि किती गेलं, ते मोजून ठेव. वीस लिटर निघालं आणि चौदाच गेलं तर उरलेल्या सहा लिटरच्या जागी हवा बसलीय.

वॉल बसवतानाची एक गोष्ट बघून ठेव. त्याच्या कडेला बारीक भोक किंवा हलती पिन असते. ती हवा बाहेर पडायची वाट आहे, ती वरच्या अंगाला आली पाहिजे. आणि मेणाची डबी इंजिनच्या बाजूला. उलटा बसलेला वॉल गरम पाण्याची चाहूलच घेत नाही.

वॉलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्या धंद्यात यावर फार चुकीचं सांगितलं जातं. ‘वॉल काढून टाक, आपल्या हवेला त्याची गरज नाही’ असं तुला दहा जण सांगतील. काही जुन्या इंजिनांत काढून चाललंही असेल. पण कमिन्सच्या बी सिरीजसारख्या इंजिनांत, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी टाटा गाड्यांत, वॉल दोन कामं करतो. थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासने आतल्या आत फिरवतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपास बंद करतो. वॉल काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोप्या वाटेने जातं, बरंचसं रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात येतं. सपाटीवर गाडी वेळेवर गरम होत नाही, डिझेल जास्त खाते, आणि चढाला मात्र तापते. तापते म्हणून वॉल काढला, आणि काढला म्हणून तापते, अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. म्हणून दुरुस्तीनंतर तापणाऱ्या गाडीचं वॉलचं घर उघडून आत वॉल आहे का, हे डोळ्यांनी बघ. असेल तर पातेल्यात पाणी तापवून, वॉल दोरीने टांगून, थर्मामीटर धरून तपास. तळाला टेकू देऊ नकोस. त्याच्यावर अंश कोरलेले असतात. ८२-८३चा वॉल त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि ९५च्या जवळ पूर्ण उघडला पाहिजे. नव्या डबीतून काढलेला वॉलही या पातेल्यातून गेल्याशिवाय बसवायचा नाही, कारण नवे वॉलही अडकलेले निघतात.

एवढं झालं की वरच्या आणि खालच्या पाइपचा ताप मोज. सगळ्या कानमंत्रांत मला सर्वात उपयोगी पडलेला हा. रेडिएटरमध्ये पाणी वरून गरम येतं, खालून थोडं निवून जातं. गाडी भरलेली, चढ संपवून नुकतीच थांबलेली, इंजिन चालू, तेव्हा दोन्हींत साधारण ६ ते १२ अंशांचा फरक असावा. इंजिन तापलंय आणि फरक २५-३० अंशांचा आहे, तर पाणी रेडिएटरमध्ये फार वेळ रेंगाळतंय, म्हणजे फेरा मंद आहे. वॉटर बॉडी, वॉल, पट्टा, पाइप, तुंबलेल्या नळ्या, यांतलं काहीतरी. इंजिन तापलंय आणि वरचा-खालचा दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच गरम आहेत, तर पाणी फिरतंय, पण त्यातली उष्णता हवेत जात नाही. मग पंखा, जाळी आणि समोरचा अडथळा बघ. आणि वरचा पाइपच कोमट, इंजिन मात्र उकळतंय, तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही.

या मोजण्याने सापडलेली एक गाडी सांगतो. दहा चाकी २५१८, सिमेंट भरून कोल्हापूरकडे निघालेली. रेडिएटर, वॉटर बॉडी आणि दोन्ही होज पाइप नवे घातलेले. आवारात कितीही वेळ उभी ठेव, काटा निम्म्याच्या वर जात नव्हता. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये मात्र लाल. मालक हेड उचलायला सांगत होता. चढ चढवून आणली आणि मोजलं तर वर १०२, खाली ७१. पाणी मंद फिरत होतं हे तिथेच कळलं. क्लीनरला केबिनमध्ये बसवून रेस वाढवायला लावली आणि मी पंख्यापासून लांब राहून खालच्या पाइपवर बॅटरीचा उजेड धरला. रेस वाढली तसा तो पाइप मध्यभागी हळूहळू चपटा होत गेला आणि शेवटी दोन भिंती एकमेकींना टेकल्या. रेस सोडली की पुन्हा गोल. खालचा पाइप वॉटर बॉडीच्या ओढीच्या बाजूला असतो. वॉटर बॉडी जोरात ओढायला लागली की मऊ रबर आत येतं. म्हणून त्या पाइपात तारेची स्प्रिंग असते, आणि नव्या पाइपात ती नव्हती. मी जुने पार्ट मागितले. ड्रायव्हरने सीटच्या मागून पोत्यातला जुना पाइप काढला, तर आत स्प्रिंग गंजलेली पण धड होती. घासून, धुऊन नव्या पाइपात सरकवली. सगळं नवं घातलेल्या त्या गाडीचं झाकण मात्र जुनंच होतं, त्याचं रबर कडक होऊन चिरलेलं. ते दाब धरत असतं तर पाइपाने थोडा तरी तग धरला असता. झाकण बदललं, आणि गाडी त्याच लोडने घाट चढली. हेडला हात लावावा लागला नाही.

म्हणून जुने पार्ट नेहमी मागून घे आणि नव्याशेजारी ठेवून बघ. वॉटर बॉडीची पाती जुन्याइतकीच मोठी आहेत का? पाती शाफ्टवर घट्ट आहेत का, की पुली धरून पाती हाताने फिरतात? बाहेरून पुली छान फिरते, गळतही नाही, आणि आत पाती शाफ्टवर घसरत असतात. पट्टा लांब आणि वळणावळणाचा असेल तर तो आकृतीप्रमाणेच गेलाय ना बघ, कारण एका पुलीवरून उलटा गेला तर वॉटर बॉडी उलटी फिरते आणि उलटी फिरणारी बॉडी पाणी नावापुरतंच ढकलते. गॅस्केट बसवताना लावलेलं सिलिकॉन आत दाबलं जाऊन सुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतं. रेडिएटर नवा म्हणून घातला असला तरी त्याच्या रांगा मोज. चार रांगांच्या जागी तीन रांगांचा घातला तर रिकाम्या गाडीला कळणार नाही, भरल्या गाडीला घाटात कळेल.

झाकणाला लोक क्षुल्लक समजतात, तसं तू समजू नकोस. उघडं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीला ९५-९६लाच. झाकण एक बार दाब धरतं तेव्हा तेच पाणी १२०च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर गेलेलं किंवा कमी दाबाचं झाकण लावलं की घाटात पाणी फेकायला सुरुवात होते, पाणी कमी झालं की गाडी तापते, आणि दोष इंजिनावर येतो. झाकणात मध्यभागी एक छोटी झडप असते, निवताना बाटलीतलं पाणी परत आत घेणारी. ती अडकली की सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. सकाळी थंड गाडीचं बोनेट उघडून तेवढं बघायची सवय लावून घे.

हवेच्या बाजूला जास्त गुंतागुंत नाही, पण नजर हवी. रेडिएटर काढ-घाल करताना पंख्याभोवतीचं कव्हर पुष्कळदा बाजूला राहतं, ‘नसलं तरी चालतं’ म्हणून. चालत नाही. कव्हर नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळतो. पंखा उलटा बसलाय का, तेही बघ. आपोआप घट्ट होणारा क्लच पंखा असेल तर इंजिन चांगलं गरम झाल्यावर त्याचा आवाज घोंघावत वाढला पाहिजे. गरम इंजिन बंद करून, चावी स्वतःच्या खिशात ठेवून, पंखा हाताने फिरव. जड लागला तर ठीक, सुटा फिरत राहिला तर क्लच गेला. क्लचच्या तोंडावर तेलकट धूळ पसरलेली असेल तर आतलं तेल बाहेर आलंय.

रेडिएटरची जाळी पुढून स्वच्छ दिसते म्हणून समाधान मानू नकोस. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जी फट असते तिथे सगळा कचरा बसतो. उसाच्या हंगामात पाचटाचा भुसा, विदर्भ-खानदेशाकडून आलेल्या गाडीत कापसाचे तंतू, आणि कुठे तेलाची गळती असेल तर त्यावर बसलेल्या धुळीचा नमदाच. दोन्हींतली फट उघडून, इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला, कमी दाबाच्या पाण्याने धू. जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या मोडतात आणि वाट कायमची बंद होते. समोर लावलेल्या जादा जाळ्या, पाट्या, दिव्यांची रांग हवेच्या तोंडासमोर असेल तर मालकाला समजावून काढायला लाव.

आता पाण्यात येणारा गॅस. थंड इंजिन सुरू केलं आणि मिनिटभरात, पाणी गरम व्हायच्या आधीच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब वाफेचा नाही. झाकण काढून रेडिएटर तोंडापर्यंत भर, इंजिन चालू कर आणि बघ. सुरुवातीला हवा अडकलेली असेल तर बुडबुडे येतात आणि थांबतात. थांबतच नाहीत, रेस दिली की वाढतात, तर गॅस किंवा हवा आत शिरतेय. इथे नवीन मेस्त्री लगेच हेड उचलतो. तू उचलू नकोस. ट्रकला हवेचे ब्रेक असतात, आणि हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हेडला पुष्कळ गाड्यांत इंजिनचंच पाणी फिरतं. त्या कॉम्प्रेसरचं पॅकिंग फुटलं की तो पाण्यात हवा मारतो आणि सगळी लक्षणं हेड गॅस्केटसारखी दिसतात. टाकीतली हवा सोडून दे आणि ड्रेन उघडाच ठेव, म्हणजे कॉम्प्रेसरवर दाब येणार नाही. बुडबुडे कमी झाले तर संशय कॉम्प्रेसरवर. खात्री करायची तर इंजिन थंड असताना त्याच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून इंजिनकडची तोंडं एकमेकांना जोड आणि काही मिनिटं आरामात चालवून बघ. गॅस तपासायचं निळं रसायन मिळतं, ते जळालेल्या गॅसने रंग बदलतं. बुडबुडे येतात पण रंग बदलत नाही, तर ती ब्रेकची हवा. बीएस-४ आणि बीएस-६च्या गाड्यांत जिथे ईजीआर कूलर आहे, तिथे तोही फुटतो आणि सायलेन्सरकडचा गॅस पाण्यात येतो. रंग तिथेही बदलेल, म्हणून हेड उचलण्याआधी तो कूलर वेगळा काढून दाबाने तपास.

हेडच गेलंय असं ठरलं, तर नुसतं पॅकिंग बदलून बंद करू नकोस. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून फिलर घाल. ब्लॉकवरही तेच कर, कारण ब्लॉकला विसरतात. मॅन्युअलमध्ये जेवढी मुभा आहे त्याच्या पलीकडे गेलं तर फेसिंग, आणि तडा तपासल्याशिवाय फेसिंगचे पैसे घालवू नकोस. बोल्ट टॉर्क पान्यानेच, सांगितलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने.

पाणी कुठलं भरलंय हेही विचार. विहिरीचं, बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की ब्लॉकच्या आत क्षाराचा थर बसतो, आणि तो थर लोखंडापेक्षा कितीतरी पटीने उष्णता अडवतो. नवा रेडिएटर घातला तरी ब्लॉक तोच जुना असतो. वर नव्या रेडिएटरमध्ये ब्लॉकमधला गंज उतरून महिन्याभरात नळ्या बुजतात. रेडिएटर बदलताना ब्लॉकचा ड्रेन उघडून, वॉल काढून, उलट्या दिशेने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलाच पाहिजे. हळदीचंही असंच. रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि गाडी गावापर्यंत पोचतेही. पण ती हळद पुढे धुऊन काढली नाही तर बारीक नळ्यांत चिखल होऊन बसते. ड्रायव्हरला सरळ विचार, ‘हळद घातली होती का?’ लाजून सांगितलं नाही, तर खालच्या कॉकमधून निघालेलं पाणी बोटांत चोळून बघ.

कूलंट जास्त घातलं म्हणजे जास्त थंड, हाही गैरसमज काढून टाक. शुद्ध कूलंटची उष्णता उचलायची ताकद साध्या पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं, आणि पाणी डिस्टिल्ड. बाजारात आधीच पाणी मिसळलेलंही मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नकोस, गटारात सोडू नकोस; ते गोडसर लागतं, कुत्री पितात आणि मरतात.

कूलिंगचं सगळं निर्दोष निघालं तर इंजिनच जास्त उष्णता करतंय का बघ. हेडच्या कामात डिझेल पंपाचं टायमिंग हललं असेल, टर्बोचा पाइप फुटून हवा कमी पडत असेल, ब्रेक चिकटून चाकं ओढत असतील. गाडी थांबल्यावर प्रत्येक ड्रमवर गन धर. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर इंजिन रस्ताभर त्या ब्रेकशी झगडत आलंय.

आणि जिवाचं सांभाळ. गरम झाकण उघडायचं नाही. ड्रायव्हर घाई करेल, मालक ओरडेल, तरी नाही. दाबाखालचं १०० अंशांच्या वरचं पाणी झाकण सुटताच वाफ होऊन अंगावर येतं, आणि त्याने भाजलेली माणसं मी पाहिलीत. वरचा पाइप हाताला धरवेल इतका निवल्यावर, ओलं पोतं टाकून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ दे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. ड्रायव्हरला सांग, काटा चढला की गाडी बाजूला घे, पाणी असेल आणि पट्टा धड असेल तर लगेच बंद न करता आरामात चालू ठेव, म्हणजे पाणी फिरत राहून ताप सगळीकडे सारखा उतरेल. पाणीच गेलं असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र त्याच क्षणी बंद.

काम झालं की आवारात रेस देऊन गाडी सोडू नकोस. भरलेली गाडी घेऊन स्वतः घाट चढून ये, वर थांबून दोन्ही पाइप मोज, आकडे बिलाच्या मागे लिही. रात्रभर गाडी उभी ठेव. सकाळी थंड असताना सगळ्या क्लिपा पुन्हा एकेक पीळ आवळ, कारण नवं रबर एकदा तापून निवलं की थोडं बसतं. झाकण उघडून पातळी बघ. पहिल्या सकाळी थोडी उतरलेली असेल, अडकलेली हवा निघाली म्हणून; भर आणि ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी थंड गाडीची पातळी बघून फोन करायला सांग. दुसऱ्या दिवशीही उतरलेली असेल तर पाणी कुठेतरी जातंय. मग त्याला लोड घेऊ देऊ नकोस, गाडी परत बोलाव आणि प्रेशर पंप लावून ते पाणी कुठून जातंय ते शोध.